पळता न येणाऱ्यांची विद्या

पोरांनो, रोहूला जठर नसतं. आपल्याला असतं, मांजराला असतं, मरळीसारख्या शिकारी माशालाही असतं. पण रोहू, कटला आणि मृगळ या तिघांना नाही. तोंडात दातही नाहीत. दात आहेत ते घशात, कल्ल्यांच्या मागच्या बाजूला. तिथं भरडलेला घास थेट आतड्यात उतरतो, आणि ते आतडं माशाच्या लांबीच्या कितीतरी पट लांब असतं, वेटोळी घालून बसवलेलं. आपल्या पोटात घास पडला की त्यावर तीव्र आम्ल ओतलं जातं, बऱ्याच गोष्टी तिथंच मोडतात. रोहूच्या घासाला हे आम्ल भेटतच नाही. पुढं मी जे सांगणार आहे त्यासाठी एवढं लक्षात ठेवा.

हे तिघं मूळचे आपल्याकडचे नव्हेत. त्यांचं घर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की ते अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. म्हणून फार वर्षं लोक नदीतून मत्स्यजिरे गोळा करून आणायचे, आणि त्यात नको ते मासेही यायचे. मग १९५७ च्या १० जुलैला ओडिशात कटकला हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञानं माशाच्याच मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांना अंडी घालायला लावलं. आपल्या देशात १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळंच. त्या एका सुईनं गंगेचा रोहू माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या शेततळ्यापर्यंत आणला. डाळिंब आणि द्राक्षं जगवण्यासाठी खोदलेलं तळं, खाली प्लॅस्टिकचा कागद, चारी बाजूंनी उतार, वर ऊन. त्यात बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली की पाणीही राहतं आणि चार पैशांचे मासेही मिळतात.

आता त्या माशाच्या बाजूनं विचार करा. कृष्णेत राहणाऱ्या माशाला पाणी नासल्याचं कळलं तर तो काय करतो? पळतो. डोहात उकडलं तर धारेला जातो, धार गढूळ झाली तर काठाच्या गवतात शिरतो, महापूर आला तर ओढ्याच्या तोंडाला जाऊन थांबतो. महाबळेश्वरापासून वाई, कऱ्हाड, सांगली असा वाहणारा अख्खा प्रवाह त्याला मोकळा असतो. अगदीच विष भिनलं आणि वाट सापडली नाही तर नदीतही मासे मरतात. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तशा बातम्या आपण सांगलीकडून ऐकतोच. पण एरवी पळणं हे माशाचं पहिलं औषध आहे. शेततळ्यात आपण ते काढून घेतलं. चार भिंतींत कोंडलेला मासा पळायची आज्ञा मेंदूकडून घेतो आणि कागदावर जाऊन आपटतो.

ती आज्ञा अंगात कशी फिरते ते बघा. मासा घाबरला, गुदमरला, जाळ्यात अडकला की क्षणात त्याच्या रक्तात ॲड्रिनॅलिन येतं. पाठोपाठ काही मिनिटांत कॉर्टिसॉल नावाचं दुसरं रसायन येतं. साठवलेली साखर रक्तात ओतली जाते, हृदय जोरात चालतं, कल्ल्यांतून जास्त रक्त वाहतं, म्हणजे जास्त प्राणवायू मिळावा. पळण्यासाठी हे सगळं उत्तम आहे. पण गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारं असतं. कल्ल्यांतून रक्त जोरात वाहिलं की त्यातलं मीठ पाण्यात गळायला लागतं. म्हणून बोटुकली टेम्पोतून आणणारे जाणकार लोक पाण्यात थोडं मीठ घालतात. मिठानं मासा शांत होतो असं ते म्हणतात, आणि त्यामागचं कारण हे आहे.

काय म्हणालीस? घाबरलेला मासा आजारी का पडतो? चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर माशाच्या हाडांत नाही, मूत्रपिंडात आहे. आपलं रक्त हाडाच्या आत मगजात तयार होतं. माशाच्या हाडात असा मगज नसतो. त्याच्या मूत्रपिंडाचा पुढचा भाग, डोक्याच्या अगदी मागं असलेला, रक्ताच्या पेशी तयार करतो. रोगजंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथंच जन्मतात. आणि कॉर्टिसॉल कुठं तयार होतं माहीत आहे? त्याच भागात. एकाच चुलीवर दोन भांडी ठेवल्यासारखं आहे ते. भीतीचं भांडं सारखं उकळत राहिलं की संरक्षणाचं भांडं थंड पडतं. थोडा वेळ घाबरलेला मासा सावरतो. आठवडेच्या आठवडे गर्दीत, कमी हवेत, अमोनियाच्या पाण्यात राहिलेला मासा सावरत नाही. त्याच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आळसावतात. पाण्यात ‘एरोमोनास हायड्रोफिला’ नावाचा जिवाणू नेहमीच असतो, तो काही बाहेरून येत नाही. तो एवढ्याचीच वाट बघत असतो. मग अंगावर लाल चट्टे येतात, खवले उभे राहतात, पोट फुगतं, जखमा पडतात, आणि माणसं म्हणतात की रोग आला. माझ्या मते तो रोग आलेला नसतो, दार उघडं राहिलेलं असतं.

या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे माणसाला कसं कळलं, ती गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १८८२ साल. इटलीच्या सिसिली बेटावर मेसिना शहरात इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन शास्त्रज्ञ राहत होता. एक दिवस घरची सगळी मंडळी सर्कशीत माकडांचे खेळ बघायला गेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसला. काचेसारखी पारदर्शक असणारी तारामाशाची पिल्लं बघताना त्याच्या मनात आलं की यांच्या अंगात फिरणाऱ्या या पेशी परक्या वस्तूवर चालून जात असतील का? बागेतल्या गुलाबाचे काटे त्यानं तोडून आणले आणि पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर प्रत्येक काट्याभोवती पेशींची दाटी झालेली. पिल्लाला मेंदू नाही, वैद्य नाही, तरी त्याच्या अंगातल्या पेशींना परका कोण हे कळलं होतं. या शोधासाठी १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. तारामाशात होती तीच विद्या रोहूत आहे, आणि तीच तुमच्या गुडघ्याच्या जखमेतही आहे. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातही जिवाणूंची भिंत विरघळवणारं लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगला ते १९२२ च्या सुमारास स्वतःच्या नाकातल्या शेंबडात सापडलं होतं. म्हणून मासा हातात धरून त्याचा बुळबुळीतपणा पुसू नका. ते त्याचं कवच आहे.

आता दुसरी बाजू ऐका. मासा कोंडला म्हणून त्याला पळता येत नाही. पण या जगात असे कोट्यवधी जीव आहेत ज्यांना कधीच पळता आलं नाही. झाडं. हळदीचा कंद नऊ महिने ओल्या मातीत गाडलेला असतो. भोवती बुरशी, कृमी, जिवाणू, किडे. त्याला पाय नाहीत, नखं नाहीत, ओरडायला तोंड नाही. मग त्यानं लाखो वर्षांत एकच गोष्ट वाढवली: रसायन. हळदीचा पिवळा रंग आपल्या लग्नासाठी झालेला नाही, तो कंदाच्या बंदोबस्ताचा भाग आहे. त्या रंगाला कर्क्युमिन म्हणतात.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही शाळेत वाचलं असेल. पण सांगलीजवळ हरिपूरला, जिथं वारणा कृष्णेला मिळते तिथं, जमिनीत पेवं आहेत ती किती जणांनी पाहिलीत? जमिनीखाली खोल खड्डा, आतून पाला आणि चटया लावलेला, त्यात हळद भरून वरून तोंड बंद. आतली हवा हळूहळू प्राणवायूविना होते, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, आतल्या हवेत माणूसही जगत नाही म्हणून. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं पाण्याखाली गेली आणि नासली. पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण एका पावसात गेलं, त्याची हळहळ मला अजून वाटते.

लसणाची करामत तर आणखी न्यारी. अख्खी पाकळी हुंगून बघा, फारसा वास नाही. ठेचा, आणि वासानं नाक भरून जाईल. लसणाच्या पेशीत एका कप्प्यात एक द्रव्य असतं आणि दुसऱ्या कप्प्यात ते बदलणारं विकर असतं. किड्यानं दात लावला, कप्पे फुटले, दोघं भेटले की काही क्षणांत ॲलिसिन तयार होतं. हल्ला झाल्याशिवाय शस्त्र तयारच होत नाही! म्हणून माशाच्या खाद्यात लसूण घालायचा तर ठेचून थोडा वेळ ठेवावा लागतो. अख्खाच उकळला तर ते विकर मरतं आणि मागं राहतो नुसता लगदा. साताऱ्याचं आलंही असंच रसायन बाळगणारं. आल्याचं तिखट म्हणजे जिंजेरॉल. आलं आणि हळद भावंडंच आहेत, एकाच कुळातली.

तर या न पळणाऱ्यांची विद्या त्या कोंडलेल्यांना देता येते का, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेला गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात रोहूच्या पिल्लांचे गट केले. एका गटाला साधं खाद्य, बाकीच्यांना त्याच खाद्यात हळद, लसूण किंवा आंब्याच्या कोयीतला गर, थोड्या वेगवेगळ्या प्रमाणात. हे ६० दिवस चाललं. मग सगळ्यांना तोच एरोमोनास जिवाणू टोचला. साधं खाद्य खाणाऱ्यांपेक्षा झाडपाल्याचं खाद्य खाणारे जास्त जगले, त्यांच्या पांढऱ्या पेशी जास्त जोमानं जंतू गिळत होत्या, रक्तातलं लायसोझाइम वाढलेलं होतं. आंब्याची कोय, जी आपण उकिरड्यावर फेकतो, तीसुद्धा यात होती.

दिल्ली विद्यापीठात काय घेतलं होतं माहीत आहे? आघाडा. गौरी-गणपतीच्या पत्रीत तुम्ही आणता तो, बांधावर उगवणारा, ज्याची कणसं चड्डीला चिकटतात. त्याचं बी खाद्यात मिसळून कटला आणि रोहूला दिलं, तर त्यांच्या अंगात जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्यं जास्त तयार झाली. मदुराईच्या लेडी डोक महाविद्यालयातल्या संशोधकांनी तुळशीच्या पानांचा अर्क चिलापीवर वापरून पाहिला, तिथंही प्रतिकार वाढलेला दिसला. तुर्कस्तानात ट्राउट माशांना तीन आठवडे आलं खाऊ घातलं, तर पांढऱ्या पेशींची गिळण्याची ताकद वाढली. ते निष्कर्ष २००३ साली छापून आले. चीनमध्ये कार्प माशांना गर्दीत कोंडून रेवाचिनीच्या मुळाचा अर्क दिला, तेव्हा रक्तातलं कॉर्टिसॉल आणि साखर कमी राहिली. म्हणजे चुलीवरच्या त्या दोन्ही भांड्यांपर्यंत वनस्पती पोचतात. आणि लवंगेच्या तेलाचा थेंब पाण्यात टाकून मासे गुंगवतात, वजन करताना किंवा हाताळताना ते तडफडू नयेत म्हणून, हे तर जगभर चालतं.

हे सगळं इतकं कशासाठी, असं थोरला विचारतोय. गोळ्या नाहीत का? आहेत. पण प्रतिजैविकं तळ्यात ओतली की बरीचशी पाण्यात आणि गाळात जातात, तिथले जिवाणू त्यांना सरावतात, आणि मग तेच औषध माणसाच्या आजारातही चालेनासं होतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना खाण्याच्या माशांत बंदीच आहे. बरं, लस टोचावी तर बोटभर लांबीच्या हजारो पिल्लांना सुई कोण मारणार? म्हणून खाद्यातून जाणारा उपाय मोलाचा, आणि सुरुवातीला सांगितलं तसं रोहूच्या घासाला जठरातलं आम्ल भेटतच नाही, म्हणून खाद्यातलं औषध त्या आम्लानं मोडत नाही.

पण झाडपाला म्हणजे निर्धोक, हे मनातून काढून टाका. ज्यांनी हे रसायन बनवलं त्यांनी ते आपल्या भल्यासाठी बनवलेलं नाही, शत्रूला मारण्यासाठी बनवलंय. मोहाचं फूल गोड, पण मोहाच्या पेंडीत सॅपोनिन असतं. ते कल्ल्यांतून माशाच्या रक्तात शिरतं आणि तांबड्या पेशी फोडतं. नवीन बोटुकली सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हेक्टरी सुमारे अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकतात. दोन-तीन आठवड्यांत तिचं विष उतरतं आणि मग तीच पेंड खत होते. कडुनिंबही जास्त झाला तर माशाला मारतो. डोंगरातले लोक गेळ्याची फळं ठेचून डोहात टाकत आणि गुंगलेले मासे वेचत, ते याच विद्येच्या जोरावर. तेव्हा औषध आणि विष यांच्यात अंतर आहे ते प्रमाणाचं. हळद-लसणाच्या प्रयोगांत किलोभर खाद्याला साधारण एक ते दहा ग्रॅम एवढंच होतं, आणि जास्त घातलं म्हणून जास्त फायदा झाला असं नाही. मधलंच प्रमाण बऱ्याचदा सरस ठरलं.

गणित करून बघा. तळ्यात मिळून १०० किलो मासे असतील तर वजनाच्या दोन टक्के म्हणजे दिवसाला २ किलो खाद्य लागतं. किलोला ५ ग्रॅम धरली तर हळद लागली १० ग्रॅम. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून पूड तळ्यात फेकली तर नुसतं पाणी पिवळं होईल, माशाला काही मिळणार नाही. ती चमचाभर तेलात कालवून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याच्या पेंडीच्या गोळ्यांत मळायची. हळद घ्यायची ती आपल्या शेतातली किंवा ओळखीच्या माणसाची, गड्डे दळून आणलेली. रंग उठावा म्हणून हळदीला शिशाचं पिवळं संयुग चोपडणारे लोक आहेत. ते शिसं माशात जाईल आणि माशातून तुमच्या ताटात येईल.

आणि तुम्हाला खरंच शास्त्र करायचं असेल तर एक काम करा. तळ्यात जाळीचे दोन हापे बांधा. दोन्हींत सारखी, एकाच घाण्याची पिल्लं सोडा. एकाला हळदीचं खाद्य, दुसऱ्याला तेवढंच पण बिनहळदीचं, तेलसुद्धा तेवढंच. वजन लिहा, मेलेले मोजा, वहीत तारीख टाका. बिनहळदीच्या हाप्याशिवाय तुम्ही काहीही सिद्ध करू शकणार नाही. हळद घातली आणि मासे चांगले राहिले, एवढ्यावर कुणाचं ऐकू नका, माझंही नाही. त्या वर्षी पाऊसच चांगला झाला असेल.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगतो. हळद भिंतीला टेकू देते, पडलेली भिंत बांधत नाही. तळ्यात मावतील त्यापेक्षा दुप्पट मासे कोंडले, उरलेलं खाद्य तळाशी कुजू दिलं, तर सांगलीच्या बाजारातली सगळी हळद आणि कोरेगावचं सगळं आलं आणलं तरी ते मासे वाचणार नाहीत. ज्याच्या पळण्याची वाट आपण बंद केली, त्याला पळावंसं वाटणार नाही असं पाणी देणं हे आपलं पहिलं काम आहे.

पाण्याची परीक्षा पहाटे होते. दिवसा हिरवं शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्रभर तेही श्वास घेतं, मासेही घेतात, आणि उजाडायच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तेव्हा उद्या सूर्य वर यायच्या आधी तळ्यावर जा. मासे तोंड वर काढून घोट घेताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद, हळदही बंद. मोटार लावा, ताजं पाणी उंचावरून पडू द्या, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याला बोलावून पाणी तपासून घ्या.